सहा टर्म आमदार, मग हिशोब कसा मांडायचा? (सासऱ्यांशी पैज लागलीय)

बोदवडचा_पोऱ्या

राम राम मंडळी. प्रश्न लांबडा आहे, सांभाळून घ्या. मी मूळचा बोदवडचा, नोकरीला पुण्यात आणि सासुरवाडी जामनेरची, आता ज्याला जळगाव जिल्हा माहितीये त्याला एवढ्यावरच कळलं असेल की आमच्याकडं जेवणाच्या पंगतीत काय चालतं ते.

परवा सासऱ्यांच्या शेतात भरीत पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, सगळं एकदम झकास चाललेलं आणि कोणीतरी विषय काढला की जिल्ह्यातला मोठा आमदार कोण. मी म्हटलं नाथाभाऊच, म्हणजे एकनाथ खडसे, आमच्या मुक्ताईनगर मतदारसंघातून १९९० ला पहिल्यांदा निवडून आले ते २०१४ पर्यंत सलग सहा निवडणुका मारल्या, मंत्री झाले, विरोधी पक्षनेते झाले. सासरे म्हणाले, "जावईबापू, आमचे जामनेरचे गिरीशभाऊ महाजन १९९५ पासून आजपर्यंत पडलेले नाहीत, सात वेळा झाले, मोजा." मी म्हटलं आकड्यावर काय असतं, काम बघा. ते म्हणे मग दाखवा काम, तुमच्या बोदवडला पाणी कुठंय? इथं माझी बोलती बंद झाली हो. पैज अशी लागलीय की जो हरेल त्याच्याकडं पुढची भरीत पार्टी, चाळीस-पन्नास माणसांची.

तर सांगा, आमदाराची कारकीर्द मोजायची कशानं? निवडणुकांनी, पदांनी, का गावाला मिळालेल्या गोष्टींनी? आणि कृपा करून पक्षाची भांडणं नकोत, ती घरी पुरेशी आहेत.

तापी_पूर्णा_संगम

भाऊ, आधी एक दुरुस्ती. २००४ पर्यंतचा मतदारसंघ एदलाबाद नावाचा होता, मुक्ताईनगर हे नाव २००९ च्या निवडणुकीपासून, मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा. आणि तुम्ही बोदवडचे असून प्रतिभाताईंना विसरलात याचं मला नवल वाटलं! त्यांचं जन्मगाव नाडगाव तुमच्यापासून किती लांब आहे हो? प्रतिभा पाटील १९६२ ला जळगावातून पहिल्यांदा आमदार झाल्या तेव्हा वय २७, आणि मग १९६७, ७२, ७८, ८० या चारही निवडणुका एदलाबादमधून. १९७९-८० ला पुलोद (शरद पवारांची पुरोगामी लोकशाही दलाची आघाडी) सरकार असताना त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. म्हणजे याच एका मातीतून विरोधी पक्षनेता दोनदा गेला, एकदा ताई आणि नंतर २००९ ते २०१४ नाथाभाऊ. पुढं त्या राष्ट्रपतीच झाल्या तो भाग वेगळा.

आता नाथाभाऊंचं. कोथळीचे सरपंच होते, तिथून १९९० ला विधानसभा. ९५ च्या युती सरकारात अर्थ आणि पाटबंधारे अशी वजनदार खाती. २०१४ ला महसूल, कृषी आणि आणखी बरीच, तेव्हा मुख्यमंत्रीपदासाठीसुद्धा नाव चर्चेत होतं. जून २०१६ ला भोसरीच्या जमिनीच्या आरोपांवरून राजीनामा दिला, आरोप त्यांनी कायम नाकारले. २०१९ ला तिकीटच नाही, मुलगी रोहिणीताई उभ्या राहिल्या आणि दोन हजारांच्याही आत पडल्या.

पण मला विचाराल तर खरा फटका २०१९ चा नाहीच, तो २०१४ लाच दिसला होता. युती तुटल्याचं जाहीर केलं कोणी? नाथाभाऊंनीच, सप्टेंबर २०१४ ला. आणि युती तुटली म्हणून त्यांच्या घरच्या मैदानात शिवसेनेचा उमेदवार उभा राहिला, चंद्रकांत पाटील. नाथाभाऊ जिंकले, पण मतांचा फरक दहा हजारांच्या आसपास, तोही राज्यभर भाजपची हवा असताना आणि माणूस विरोधी पक्षनेता असताना. मुंबईत तोफ धडाडत होती आणि गावाकडं पाया खचत होता, हे तेव्हा आमच्या पारावर बसणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं. २०१९ ला त्याच चंद्रकांत पाटलांनी अपक्ष म्हणून मैदान मारलं आणि राष्ट्रवादीनं आपला उमेदवार मागं घेऊन त्यांना पाठिंबा दिला. वर्षभरात, ऑक्टोबर २०२० ला, नाथाभाऊ त्याच राष्ट्रवादीत गेले. याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

केळीचा_घड

मी रावेर तालुक्यातला, फेररचनेत आमच्या तालुक्याचा एक तुकडा मुक्ताईनगरला जोडला, आमचं गाव त्यातच, म्हणून बोलायचा हक्क आहे. पदं बिदं सगळं ठीकंय भो पण मला सांगा मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बागा होरपळतात, एखाद्या संध्याकाळी वावधन येतं आणि निसवलेली केळी आडवी, तेव्हा कोणाची टर्म कितवी आहे हे मी बघू का? गेल्या खेपेला फळपीक विम्याचे पैसे एका कंपनीनं इतके लांबवले की पुढच्या लागवडीची रोपं मी उधारीवर आणली, आमच्या आप्पांना त्या टेन्शननं बीपी चालू झाला. तेव्हा फोन कोणी उचलला त्याला मी मोठा आमदार म्हणतो. नाव नाही सांगणार, उगाच भांडण लागतं.

आणि पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाला जाऊन उभं राहा एकदा. ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की जे पाणी जातं ते सरळ उकाई धरणाला, गुजरातेत. आपण पुलावर उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, बस. माझे आजोबाबी हेच बघायचे फक्त मोबाईल नव्हता.

निवृत्त_शाखा_अभियंता

वरच्यांचा राग बरोबर आहे, पण सगळं आमदाराच्या डोक्यावर टाकू नका, थोडं कामकाज समजून घ्या. मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, या फायलींच्या धुळीनं माझा दमा वाढलाय.

आमदाराच्या हातात रोख काय असतं? स्थानिक विकास निधी, २०२२ पासून वर्षाला ५ कोटी. त्यात गल्लीतले काँक्रीट, सभामंडप, हायमास्ट, स्मशानभूमीचं शेड. उपसा सिंचन योजना लागते शेकड्यांनी कोटींची. ते पैसे अर्थसंकल्पातून किंवा महामंडळाकडून येतात आणि त्यासाठी माणूस मंत्रिमंडळात तरी हवा नाहीतर मंत्र्याच्या उरावर बसणारा तरी हवा. तापी पाटबंधारे विकास महामंडळ झालं १९९७ ला, युती सरकारातच. तोवर खान्देशातल्या कामांना वेगळी चूल नव्हती. याचं श्रेय त्या काळातल्या सगळ्यांना द्या, नाथाभाऊंनाही.

पण महामंडळ झालं म्हणजे पाणी आलं असं नाही. मग सुरू होतो सुप्रमाचा खेळ. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, खान्देशातल्या पोरांना हा शब्द बाराखडीच्या आधी शिकवायला पाहिजे. योजना मंजूर होते एका किमतीला, भूसंपादन रेंगाळतं, वनखात्याची परवानगी अडकते, तोवर सिमेंट-लोखंड महागतं, मंजूर रक्कम संपते, काम थांबतं, सुप्रमा मागायची, ती येईपर्यंत भाव परत वाढलेले. बोदवड परिसर सिंचन, कुऱ्हा-वढोदा, अमळनेरकडचं पाडळसे, सगळ्यांची हीच कुंडली. पाडळश्याचं भूमिपूजन १९९९ चं आहे!

बोदवडच्या योजनेत पूर्णेचं पुराचं पाणी उचलून जुनोन्याला साठवायचं आहे. आणि गंमत अशी की तिच्या लाभक्षेत्रात जामनेर तालुक्यातली गावंही आहेत. म्हणजे पोऱ्याभाऊ, "तुमच्या बोदवडला पाणी कुठंय" असं सासरे म्हणतात ते अर्धं त्यांच्याच तालुक्याचं पाणी आहे. आणि २०१४ ते १९ जलसंपदा खातं कोणाकडं होतं, हे त्यांना हळूच विचारा. हळूच हां, जावई आहात.

धुळ्याचा_भाचा

आते काय सांगू भाऊ, तुम्ही जळगाववाले आपसातच भांडा! आमच्या धुळ्याला ५ आणि नंदुरबारला ४ आमदार, तुम्हाला एकट्याला ११, तरी रडगाणं तुमचंच मोठं.

गंमत बाजूला, पण एक मुद्दा. २८८ मध्ये खान्देशाचे सगळे मिळून २०, तरी इथून पदं किती गेली बघा. खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते ९५ विधानसभेचे अध्यक्ष, म्हणजे नाथाभाऊ पहिल्यांदा सभागृहात गेले तेव्हा खुर्चीवर शेजारच्या रावेरचा माणूस. मग चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ अध्यक्ष. एवढी माणसं उंच बसली तरी तापीचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत वाहून जातंच आहे. माझा अंदाज असा की आपल्याकडं नेता मोठा झाला की तो राज्याचा होतो आणि मग त्याला जिल्ह्यापुरतं भांडायला लाज वाटते. पश्चिम महाराष्ट्रवाल्यांना ती लाज कधी वाटली नाही, घ्या लिहून.

तापी_पूर्णा_संगम

@धुळ्याचा_भाचा लाजेचं नाही पटलं. नाथाभाऊंची विरोधी पक्षनेते म्हणून सगळ्यात गाजलेली लढाई सिंचनाचीच होती. दहा वर्षांत राज्याचं सिंचन जेमतेम ०.१ टक्का वाढलं हा आर्थिक पाहणीतला आकडा विरोधकांनी अक्षरशः तापवून काढला आणि २०१२ ला सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. त्या लढाईतून राज्याचं राजकारण फिरलं. कुऱ्ह्याच्या शेतात त्यातून थेंब आला नाही हे कबूल, पण विरोधी बाकावरचा माणूस टेंडर काढत नसतो, प्रश्नच विचारतो.

केळीचा_घड

मग मंत्री होता तेव्हा?

निवृत्त_शाखा_अभियंता

@केळीचा_घड दुसऱ्या खेपेला मंत्रीपद दीड वर्षाच्या वर थोडंच टिकलं, आणि खातं महसूल, पाण्याचं नव्हे. त्यात सुप्रमाचा एक चक्कर पण पूर्ण होत नाही. माझ्या अनुभवात फाईल हलते ती एकाच माणसानं सलग पाच-सात वर्षं रोज ढकलली तर. पद मोठं असून चालत नाही, पाठपुरावा करणारा पीए खमक्या लागतो. हे कोणी लिहीत नाही पण खरं आहे.

बोदवडचा_पोऱ्या

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळा धागा काल रात्री व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना वाचून दाखवला. जलसंपदा खात्याचं हळूच विचारलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अन् तुमचे नाथाभाऊ ९५ ला पाटबंधारे मंत्री होते ते?" झालं, परत तिथंच.

मग विषय आत्ताच्या आमदारांवर गेला. २०२४ ला चंद्रकांत पाटील परत आले, या वेळी शिंदे गटाकडून, आणि समोर परत रोहिणीताईच. नाथाभाऊ २०२२ पासून विधान परिषदेवर आहेत, सूनबाई रक्षाताई दिल्लीत राज्यमंत्री. सासरे म्हणे एका घरात एवढी पदं तरी बोदवडच्या बायका हंडा घेऊन, तर आमच्या सासूबाई मागून ओरडल्या की जामनेरच्या बायका काय पालखीतून पाणी आणतात का. त्यांच्या या एका वाक्यावर मी पैज जिंकलो असं मी धरतोय, सासरे धरत नाहीयेत.

@निवृत्त_शाखा_अभियंता काका, बोदवड परिसर योजनेवर सभागृहात आजवर कोणी कोणी तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावली ते कुठं बघायला मिळेल? सासऱ्यांनी आता पुरावा मागितलाय.

निवृत्त_शाखा_अभियंता

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाचे रकाने असतात, अधिवेशनवार शोधावं लागतं, आणि मुंबईत विधानभवनाच्या ग्रंथालयात जुने खंड आहेत. नागपूरचं हिवाळी अधिवेशन आधी चाळा, आपल्याकडचे प्रश्न तिथं जास्त लागायचे असं मला आठवतं. आणि पार्टी कोणाकडंही असो, वांगी बामणोदची आणा, लांबट हिरवी नको, पांढरट मोठी बघा.

केळीचा_घड

बामणोदचीच. आणि मला बोलवा, केळी मी आणतो.