सणाचे दिवस अंगावर येतात तेव्हा तुम्ही काय करता?

सण जवळ आला की घरात उत्साहाबरोबर ताणही येतो, पण त्याबद्दल बोलायला जीभ रेटत नाही. आनंदाच्या दिवसांत कुरकुर कशाला, असं वाटतं. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या ताणाच्या प्रसंगांना गुण देऊन एक यादी केली होती. जोडीदाराच्या मृत्यूला त्यात 100 गुण आहेत, आणि त्याच यादीत खाली सुट्टीला 13 आणि नाताळला 12 आहेत. रोजची घडी चांगल्या कारणाने विस्कटली तरी ती पुन्हा बसवायला मेहनत पडतेच.

तेव्हा मोकळेपणाने लिहा. ‘शांत राहा’ एवढ्याने कोणाचंच भागत नाही. तुम्ही नेमकं काय केलंत, कोणाशी काय बोललात, काय सोडून दिलंत ते सांगा.

सुरुवात मी करते. मला कामाचा त्रास कधीच नव्हता, सगळं डोक्यात ठेवण्याचा होता. कोण कधी येणार, कोणाची औषधं संपत आलीत, पाहुण्यांना अंथरुणं पुरतील का, कोणाला फोन करायचा राहिला. घरचे म्हणायचे, “तू सांग ना, आम्ही करतो.” अहो, पण आठवून सांगणं हेच तर मोठं काम! आता आम्ही आधीच एकत्र बसतो आणि सुटी कामं न वाटता अख्खी खाती वाटतो. अंथरूण-पांघरूण मुलाकडे, म्हणजे मोजणं, धुणं, कमी पडलं तर मागून आणणं, सगळं त्याचं. मी विचारायचंसुद्धा नाही. पहिल्याच वेळी एक पांघरूण कमी पडलं. माझी जीभ शिवशिवत होती, पण गप्प राहिले. त्याने आपलं पाहुण्यांना दिलं आणि स्वतः जाड स्वेटर घालून झोपला. पुढच्या वेळी त्याने आठवडाभर आधीच मोजदाद केली.

*

मी नर्स आहे. सणाच्या दिवशी ड्यूटी लागणार हे ठरलेलंच. मग आम्ही घरचा सण माझ्या सुट्टीच्या दिवशी करतो. मोठ्यांना हे पटायला वेळ लागला, पण मुलांनी एका दमात मान्य केलं. दुसरी गोष्ट झोपेची. घर पाहुण्यांनी भरलेलं असलं तरी रात्रपाळीनंतर माझ्या खोलीचं दार बंद, आणि हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं. पाळी संपत आली की कॉफीही बंद. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच साधारण 5 तास लागतात, आणि या दिवसांत गप्पांच्या नादात आपण कपावर कप रिचवत असतो.

*

आम्हा भावंडांत ठरलंय, भेटवस्तू फक्त लहान मुलांना. विषय काढायला जड गेलं, पण थोरला भाऊ लगेच म्हणाला, “बरं झालं तूच बोललीस.” त्याचीही ओढाताण होत होती.

*

आई गेल्यानंतरचा पहिला सण. जो तो सांगत होता, “नेहमीसारखंच करा, तिला तेच आवडलं असतं.” बाबांना मात्र कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “माणसं येऊ देत, पण फोन नकोत.” सणाच्या सकाळी येणारे सगळे फोन आईच घ्यायची. आता ते बाबांना येणार, आणि प्रत्येक जण आधी तिच्याबद्दल बोलणार. म्हणून चुलतभावाने त्यांचा मोबाइल स्वतःकडे ठेवला. “काका जरा पडलेत, निरोप देतो,” असं शांतपणे सांगत त्याने कागदावर नावं लिहून घेतली. संध्याकाळी बाबांनी तो कागद वाचला, त्यातल्या मोजक्या लोकांना स्वतः फोन लावले आणि आईच्या मैत्रिणीशी बराच वेळ बोलले. मला वाटतं, अशा घरात काय करावं हे बाहेरच्यांनी ठरवू नये. ज्याचं माणूस गेलंय त्यालाच विचारावं, आणि त्याने ऐन वेळी मत बदललं तरी चालवून घ्यावं.

*

मी समुपदेशक आहे, म्हणून एवढंच. धावपळीचा थकवा सण सरल्यावर, झोप भरून निघाली की सहसा उतरतो. पण दिवसाचा बराचसा वेळ उदास जातोय, कशात मन लागत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, आणि हे 2 आठवड्यांहून अधिक चाललंय, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर 2 आठवडे थांबूच नका. त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या. वरच्या ताई, काकांकडे पुढच्या सणालाही लक्ष ठेवा. दुसरं वर्ष सोपं जाईलच असं नसतं.

*

नोकरीमुळे मी एकटा राहतो. दिवस निघून जातो, संध्याकाळी सगळ्यांच्या घरचे फोटो यायला लागले की जीव कासावीस होतो. त्या वेळी फोन बाजूला ठेवून फिरायला जायचो, थोडा फरक पडायचा. मग गेल्या वर्षी एका सहकाऱ्याला सरळ विचारलं, “मी तुमच्याकडे येऊ का?” विचारताना फार संकोच वाटला होता. तो म्हणाला, “ये की, पण दुपारीच ये, कामाला हात लागतील.” दुपारभर खुर्च्या हलवल्या, त्याच्या आजींचा चष्मा शोधला, आणि परकेपणा कुठल्या कुठे गेला. यंदा मीच घरी बोलावतोय. ऑफिसात आणखी कोण कोण एकटं आहे ते विचारून ठेवलंय. वरची खाती वाटायची युक्ती वापरून बघतो.