दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा

आपल्या आईंच्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया त्याच गुडघ्यावर दुसऱ्यांदा होऊन चार महिने झाले तरी सूज आणि ताठरपणा जात नाही, शेजारच्या काकू मात्र दीड महिन्यात काठीशिवाय चालू लागल्या, असे आपण लिहिले आहे. काकूंची शस्त्रक्रिया पहिलीच असल्याने ही तुलना करू नये. दुसऱ्या वेळी जुना कृत्रिम सांधा काढावा लागतो, हाडाची झीज भरून काढावी लागते आणि आधीच्या व्रणाने घट्ट झालेल्या ऊती सोडवाव्या लागतात. त्यामुळे सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, हळूहळू होत राहते. गुडघा वाकवण्याइतकेच तो पूर्ण सरळ होणे महत्त्वाचे असते, म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणे, कितीही बरे वाटले तरी, टाळावे. गुहागरकडच्या आपल्या घरांत खरी अडचण जांभ्याच्या पायऱ्यांची आहे. पावसाळ्यात पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ धरले की तिथे सराव नकोच, पडवीतच येरझाऱ्या घालाव्यात. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना शस्त्रक्रियेचा. मात्र ताप, जखमेतून स्राव, अचानक वाढलेली वेदना किंवा पोटरीची सूज दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.