१५० गोळ्यांत चारदा अडकलं, पिस्तूल बदलू का?

नवखा_नेमबाज: ९ मिमीचं सेमी-ऑटो, नवंकोरं. दोन सरावांत १५० गोळ्या झाडल्या. तीनदा रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) उभी चिमटली, एकदा पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा) चढलीच नाही. किती गोळ्या बिनअडथळा गेल्या की भरवसा ठेवायचा?

बारीक_नजर: चारही वेळा मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) कोणतं होतं? नोंद नसेल तर त्या १५० गोळ्यांनी फक्त आवाज केला. मॅगझिनांच्या बुडाला मार्करने आकडे टाका आणि दर वेळी वहीत लिहा: मॅगझिन, कितवी गोळी, कोणती गोळी, हात कुणाचा.

उभ्या पुंगळीबद्दल मला पहिला संशय तुमच्या मनगटाचा येतो (राग नसावा, माझंही हेच व्हायचं). धक्क्याबरोबर पिस्तूलच मागे झुकलं की स्लाइडला पूर्ण मागे जायला जोर उरत नाही, पुंगळी अर्धवट अडकते. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, त्याच गोळ्या प्रशिक्षकांच्या हातात देऊन बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्लाइडच्या खाचांत तेलाचा थेंब आहे ना?

दारूगोळा: नव्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते, ११५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी कधी कधी कमी पडते. १२४ ग्रेनची लावून पाहा. पुढे ज्या गोळ्या वापरणार, चाचणीही त्यांचीच करा.

एक मात्र पक्कं: बार फुसका वाजला तर लगेच थांबायचं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटू शकते.

आकडेमोड: २०० गोळ्या न अडकता गेल्या म्हणून नाचू नका. एकही बिघाड नसेल तर ३ ला गोळ्यांच्या संख्येने भागायचं, हा ढोबळ नियम: ३ भागिले २००, म्हणजे बिघाडाचं खरं प्रमाण दीड टक्क्यापर्यंत असू शकतं, हे ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३०० गेल्या तर १ टक्का. मी ५०० म्हणेन, तेही मध्ये साफ न करता.

नवखा_नेमबाज: प्रशिक्षकांनी ५० झाडल्या, एकही पुंगळी उभी राहिली नाही. मनगट माझंच! पण २ नंबरच्या मॅगझिनमधून त्यांच्याही हातात गोळी चढेना.

बारीक_नजर: मग पिस्तूल ठेवा, ते मॅगझिन बदला. मोजणी परत शून्यापासून.