दहावा भाग गाळून पुढे जायचं? मग पहिले नऊ तरी कशाला वाचले?

रात्रवाचक (धागाकर्ता)

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या चौदा भागांच्या कल्पनारम्य (फँटसी) मालिकेच्या दहाव्या भागात अडकलेल्या एका नव्या वाचकाला काल टाकसाळ्या यांनी सल्ला दिला. थोडक्यात असा: ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ वाचण्यात वेळ घालवू नका, प्रकरणवार सारांश चाळा आणि थेट अकराव्यावर या. शिवाय, ‘तो अख्खा वाचणारे लोक फक्त वाचला म्हणून सांगण्यासाठी वाचतात.’

हे शेवटचं डोक्यात गेलं. म्हणून हे लांबण.

पुस्तक संथ आहे, याबद्दल वादच नाही. नवव्याच्या शेवटी नायक रँड जे करतो त्याची वाट आपण पहिल्या भागापासून बघत असतो. मग दहावा उघडावा तर काळ मागे गेलेला. त्याच घडामोडीच्या वेळी बाकीची मंडळी कुठे काय करत होती, हे एकेकाच्या नजरेतून बघायचं. दूर कुठेतरी प्रचंड शक्ती वापरली जातेय, एवढंच त्यांना कळतं. रँड स्वतः जेमतेम दर्शन देतो. त्यामुळे ‘आता रँड येईल, मग येईल’ करत वाचणाऱ्याचं काही खरं नाही. तो दोनशे पानांत हात टेकणारच.

हुरूप टिकवायचा म्हणजे दात-ओठ खाऊन पानं उलटायची, असं नाही. आपण कशाची वाट बघतोय ते बदलायचं. मी दहावा रँडच्या मित्रासाठी, पेरिनसाठी वाचला. बायकोला पळवून नेलंय, आणि हा गडी रोज चामड्याच्या दोरीला एक गाठ मारतो. ती नाही असा आणखी एक दिवस. गाठी वाढत जातात, माणूस आतून करपत जातो. शेवटी कैद्यांना बोलतं करण्यासाठी तो एकाचा हात तोडतो आणि मग स्वतःची कुऱ्हाड फेकून देतो. पहिल्या भागात इलायसने त्याला बजावलं होतं की या कुऱ्हाडीचा तिटकारा वाटेनासा होईल त्या दिवशी ती लांब फेकून दे आणि उलट्या दिशेने पळ. तो भाग १९९०चा, हा २००३चा. तेरा वर्षं लेखकाने ती कुऱ्हाड त्याच्या कमरेला ठेवली. सारांशात याचं काय उरतं? ‘पेरिन कैद्यांची चौकशी करतो, कुऱ्हाड टाकतो.’ संपलं.

सो हाबर गाव घ्या. फौजेसाठी धान्य घ्यायला जातात आणि पोत्यांत सोंडकिडे वळवळतायत, गावकरी कित्येक दिवस अंघोळ न केलेले, घाबरलेले, कारण मेलेली माणसं गावात हिंडताना दिसतात. घटना म्हणाल तर धान्यखरेदी. पण जगाची वीण उसवते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला तिथे कळलं. कुठल्याही लढाईत नाही.

कंटाळा आला तर थांबावं. पण खंड संपवून थांबावं, मध्ये नाही. मध्ये थांबलं की परतल्यावर कोणती आएस सेडाय (जादू जाणणाऱ्या बायका, त्यांचे रंगांनुसार गट) कुठल्या रंगाची हेच आठवत नाही, आणि दोष पुस्तकावर जातो.

---

अर्ध्यावरचा

तो नवा वाचक मीच. मी सो हाबरच्या अलीकडे होतो. कुऱ्हाडीचं आत्ता कळलं. पुस्तक आवडावं म्हणून त्यातला सगळ्यात भारी प्रसंग आधीच सांगून टाकायचा, ही पद्धत नवीनच. आभारी आहे.

---

रात्रवाचक

पुस्तक येऊन वीस वर्षं उलटून गेली हो. आणि मी ‘फेकतो’ एवढंच सांगितलं. कसं, ते वाचा ना.

---

टाकसाळ्या

आमचं नाव घेतलंत, आता ऐका.

तुम्ही ही मालिका कधी वाचलीत ते लिहिलं नाहीत, पण अंदाज आहे. दहावा रविवारी संपवून सोमवारी अकरावा उघडला असणार. मग कुऱ्हाड, गाठी, किडे, सगळं गोडच लागतं. मी पुस्तक येईल तसं वाचत होतो. नववा २०००च्या शेवटी आला. त्या शेवटानंतर आम्ही अक्षरशः झोपलो नाही. मग दोन वर्षं वाट पाहिली आणि २००३च्या जानेवारीत हातात काय पडलं? राजकन्या इलेनची अंघोळ! आता काय होतंय हे कळायला २००५चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या २००४ मध्ये काय दिलं, तर वीस वर्षांपूर्वीची पूर्वकथा.

तेव्हा ‘आपण कशाची वाट बघतोय ते बदलायचं’ वगैरे मला सांगू नका. हुरूप टिकवणं हे वाचकाचं काम नव्हेच, ते लेखकाचं. पानवाढ करायची त्याने आणि मनाची तयारी करायची आम्ही?

---

चष्मेवाली

टाकसाळ्यांशी शंभर टक्के सहमत. थंड पडलेलं जेवण पुढ्यात ठेवायचं आणि वर ‘भूक वाढवा’ म्हणायचं, असला प्रकार आहे हा.

---

शाईडाग

एक विचारू? ‘संथ’ म्हणून नेहमी जे भाग दाखवले जातात, ते कोणाचे असतात हो? इलेन सिंहासनासाठी घराण्यांची जुळवाजुळव करते: संथ. बंडखोर आएस सेडायची प्रमुख एग्वेन वेढा घालून बसलीये, वाटाघाटी चालवते, स्वतःच्याच सभेतल्या बायकांना काबूत ठेवते: संथ. आणि रँडचा दुसरा मित्र मॅट सर्कशीबरोबर गावोगाव फिरतो, टुऑनला खरेदीला नेतो, तिच्याशी पटावरचे खेळ खेळतो: ‘काय धमाल आहे राव!’ त्या प्रकरणांत तरी कोणतं आभाळ कोसळतं?

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या मार्टिनचंही तेच. त्याच मालिकेतलं ‘फीस्ट फॉर क्रोज’ २००५ मध्ये आलं आणि पुरुषवाचकांनी गळा काढला. त्यात सर्सीची दहा आणि ब्रिएनची आठ प्रकरणं. सर्सीच्या डोक्यात आपण पहिल्यांदा शिरतो ते याच पुस्तकात. ती स्वतःला वडिलांपेक्षा हुशार समजते आणि हाताने स्वतःचा खड्डा खणते. मालिकेतलं सगळ्यात करमणुकीचं लेखन आहे ते. पण टिरियन नाही, जॉन नाही, म्हणून पुस्तक ‘रटाळ’. बाईने राजकारण केलं की कथानक थांबतं, असं का?

---

टाकसाळ्या

आलंच. मला वाटलंच होतं कोणीतरी हे काढणार. ‘फीस्ट’मध्ये डॅनेरिसही नाही ताई, तिच्यासाठी पण गळा काढला होता. आणि सगळ्यात संथ कथानक म्हणून पहिलं बोट कोणाकडे जातं? पेरिनकडे. पुरुष. आठव्याच्या शेवटी बायको, फाईल, पळवली, अकराव्यात सोडवली. तोवर फाईल गहाळ, शोध चालू.

---

मधुरा_क

शाईडाग, मी बाई आहे आणि मलाही इलेनच्या प्रकरणांत जांभया आल्या. आता माझं काय करायचं? ‘तुला कंटाळा आला म्हणजे तुझ्या मनात पुरुष बसलाय’ असं कोणी सांगू नये म्हणून आधीच सांगते.

राजकारणाला नाही, माझी हरकत ते जसं लिहिलंय त्याला आहे. या मालिकेतल्या निम्म्या बायका सारखंच बोलतात. सगळ्या नाक फेंदारतात, सगळ्या परकर सारखे करतात, नायनीव वेणी ओढते. बसल्या बसल्या कोणी कोणता रेशमी झगा घातलाय, गळ्याशी काय कलाबूत आहे, याचे परिच्छेद. पुरुष खोलीत आला की ‘लोकरी डोक्याचा’. हे स्त्रियांचं राजकारण नव्हे, एका पुरुषाने बाहेरून बघितलेला घोळका आहे. तुम्ही त्याची वकिली करताय?

---

शाईडाग

मधुरा, कपड्यांचे परिच्छेद पुरुषांचेही आहेत. रँडच्या कोटावरची नक्षी मला तोंडपाठ आहे. ती कोणाला खुपत नाही.

आणि ‘घोळका’ हा शब्द मला आवडला नाही. एग्वेन गावातल्या खानावळवाल्याची मुलगी. तिला बाहुली म्हणून गादीवर बसवतात आणि बसवणाऱ्यांनाच ती हळूहळू पेचात धरते. यात तलवार नाही, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही.

---

मधुरा_क

मला काय दिसतं ते तुम्ही ठरवू नका. एग्वेनबद्दल मी एक अक्षर बोलले नाही, मी इलेनबद्दल बोलले. प्रतिसाद नीट वाचायचा नसेल तर भांडायला तरी येऊ नका.

---

शाईडाग

मी नीट वाचला. ‘निम्म्या बायका’ असं तुम्हीच लिहिलंय. एग्वेन कोणत्या निम्म्यात?

---

जुना_गडी

दोघींनी जरा पाणी प्या.

मुद्दा भलतीकडे चाललाय, पण दोन्हीकडच्या हाताशी राहील अशी एक गोष्ट सांगतो. पाचव्या भागात पेरिन मुळीच नाही. आठव्यात मॅट नाही. पाचव्याला कोणी रटाळ म्हणतं? उलट अनेकांचा तो लाडका. म्हणजे आवडता माणूस गायब असणं हे कारण नव्हे. पाचव्यात जे सुरू होतं त्यातलं बरंच पाचव्यातच निकालात निघतं. दहाव्यात जवळजवळ काहीच निकालात निघत नाही. बायका, पुरुष, कपडे हे सगळं नंतर. पुस्तकाला स्वतःचा शेवट नसेल तर वाचणाऱ्याला धाप लागते.

मार्टिनचं ‘फीस्ट’नंतरचं ‘डान्स विथ ड्रॅगन्स’ बघा. त्यात जॉन आहे, टिरियन आहे, डॅनेरिस आहे. सहा वर्षं थांबून २०११ मध्ये मिळालं. तरी लोक म्हणालेच, टिरियन पोचणार कधी? दोन मोठ्या लढायांच्या तोंडाशी आणून पुस्तक संपतं.

---

शाईडाग

शेवटाचा मुद्दा बरोबर आहे. पण मग बोट दाखवताना पहिलं नाव इलेनच्या अंघोळीचंच का येतं, याचं उत्तर त्यात नाही.

---

टाकसाळ्या

कारण अंघोळ लांब होती, हेच उत्तर.

---

कानसेन

एक वेगळं सांगतो. सात ते दहा हे चारही भाग मी ऐकले. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग वाचतात. इलेन-एग्वेनची प्रकरणं केट रीडिंगच्या आवाजात. छापलेल्या पानावर ज्या बायका मधुरांना सारख्या वाटल्या, त्या तिथे वेगळ्या ऐकू येतात. वेग थोडा वाढवा, हाताने दुसरं काम चालू ठेवा. संथ भाग असाच पार पडतो. मला तर संथपणा आवडायलाही लागला.

---

चष्मेवाली

ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. (हे मुद्दाम लिहिलं नाही, राहवलं नाही म्हणून लिहिलं.)

---

कानसेन

नाही लिहिलंत तरी चाललं असतं.

---

रात्रवाचक

धागा माझा आहे याची नम्र आठवण.

टाकसाळ्या, वर्षानुवर्षं ताटकळणाऱ्याचा राग मी समजू शकतो. तुमचा सल्ला मात्र आजच्या वाचकाला होता. त्याच्यापुढे चौदाही भाग तयार आहेत. जॉर्डन २००७ मध्ये गेले, शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन या लेखकाने लिहिले, शेवटचा २०१३ मध्ये आला. सगळं पूर्ण आहे. तेव्हा तुम्ही २००३ मधला वैताग आज दुसऱ्याच्या माथी का मारताय? दहावा खुद्द जॉर्डनच्या हातचा. त्यांच्या हातचा पुढे मुख्य मालिकेतला एकच भाग उरतो. तो सारांशात उरकायचा?

---

टाकसाळ्या

लेखक वारला म्हणून पुस्तक वेगवान होत नाही. २००३ मध्ये मी शिव्या घातल्या होत्या, त्या आजही परत घेत नाही.

एवढं मात्र मानतो, की पेरिनची दोन-तीन प्रकरणं सारांशात मरतात. ती मूळातून वाचा. मॅटची वाचा. शेवटचं एग्वेनचं वाचा, बंदराच्या साखळीचं, तिथे ती

---

अर्ध्यावरचा

थांबा!!

---

टाकसाळ्या

थांबलो. रात्रवाचकांपेक्षा मला जास्त लाज आहे.

बाकीचं गाळा. हा माझा सुधारित सल्ला. ‘अख्खा वाचणारे मिरवायला वाचतात’ हे वाक्य तसंच आहे. फक्त त्यातून रात्रवाचकांना वगळतो, कारण ते किड्यांसाठी वाचतात.

---

शाईडाग

म्हणजे पेरिन, मॅट, आणि एग्वेनचं एक प्रकरण. यादी बघून घ्या सगळ्यांनी. मी काही बोलत नाही.

---

मधुरा_क

बोललात की. पण यादीबद्दल या वेळी तुमचं बरोबर आहे. एग्वेनचं एकच प्रकरण वाचलं तर तिची तिथवरची गणितं कळणारच नाहीत. इलेनबद्दल माझं मत कायम.

---

अर्ध्यावरचा

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री सो हाबर संपवलं. छान आहे, आणि कुऱ्हाडीचं माहीत असल्यामुळे पेरिनचं प्रत्येक पान आता वेगळंच वाचलं जातंय, हे रात्रवाचकांना सांगायची इच्छा नव्हती. इलेन आली की कानसेन म्हणतात तसं ऐकणार आहे.

एक शंका. अकराव्याच्या आधी ती २००४ची पूर्वकथा, ‘न्यू स्प्रिंग’, वाचावी का? मोरेन आणि लॅनची आहे म्हणतात.

---

रात्रवाचक

आत्ताच वाच. ती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने.

---

टाकसाळ्या

अजिबात नको. चौदावा संपेपर्यंत हातही लावू नकोस.

---

जुना_गडी

नवा धागा काढा.