कॉलेजशी टाय-अप करून विद्यार्थी घ्यायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

पॅनेलवाला_मरोळ

अंधेरी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेलचा कारखाना आहे. कंत्राटी कामगार धरून 45 माणसं. पॉलिटेक्निकची तीन-चार मुलं शॉपवर आणि बी.कॉम.चे एक-दोघे अकाउंट्सला इंटर्न म्हणून घ्यायचा विचार आहे. कॉलेजात नक्की कोणाला भेटायचं? एमओयू (सामंजस्य करार) लागतोच का? स्टायपेंड किती द्यायचा, आणि एखाद्याला लागलं तर जबाबदारी कोणाची? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पैसे मिळतात असं एकाने सांगितलं, ते आम्हाला लागू होतं का?

टीपीओ_हार्बर

शेवटचं आधी. ती योजना शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नाही, त्यामुळे कॉलेजातल्या मुलांसाठी तो विषय सोडा.

पॉलिटेक्निकमध्ये टीपीओला (ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर) भेटा, पण इलेक्ट्रिकलच्या विभागप्रमुखांनाही त्याच फेरीत भेटून या. मुलं कोणती पाठवायची हे प्रत्यक्षात तेच ठरवतात. कॉमर्स कॉलेजात मात्र ओजेटीचा, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ऑन द जॉब ट्रेनिंगचा, समन्वयक कोण ते विचारा; प्लेसमेंट सेलकडे गेलात तर पत्र फिरत राहील.

आता तासांचं गणित, कारण कंपन्यांची निराशा इथेच होते. पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे चार क्रेडिटचं ओजेटी 120 तासांचं. रोज आठ तास धरले तर 15 दिवसांत संपलं! तीन महिने अकाउंट्सला हात मिळेल असं धरून चालू नका. आठवड्यात दोन दिवस बोलवा, म्हणजे साधारण आठ आठवडे पुरतं आणि जीएसटी रिटर्नची दोन चक्रं तरी मुलाच्या नजरेखालून जातात. पॉलिटेक्निकचं बरं आहे. एमएसबीटीईच्या (राज्य तंत्रशिक्षण मंडळ) के स्कीम या अभ्यासक्रमात चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेनंतर 12 आठवड्यांची इंटर्नशिप आहे, ती तुमच्या कामाला नीट बसते. मात्र पत्र जानेवारी-फेब्रुवारीत पोचायला हवं. एप्रिलमध्ये आलेल्या कंपनीला उरलेली नावं मिळतात.

पत्रात नुसतं 'चार इंटर्न हवेत' असं लिहू नका. काम काय, शिकवणार कोण (पदासह), वेळ, साप्ताहिक सुट्टी, स्टायपेंड, सेफ्टी शूज कोण देणार, एवढं एका पानात लिहा. एमओयू सक्तीचा नसतो, एका बॅचसाठी कॉलेजचं शिफारसपत्र आणि तुमचं ऑफर लेटर चालतं. दरवर्षी घ्यायचे असतील तर दोन पानी एमओयू करा. स्टॅम्पवर करणार असाल तर 500 रुपयांचा आणा, 100 चा ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही.

अजून एक. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच असतो. कॉलेज चेंबूरला आणि मुलगा पनवेलचा असेल, तर अंधेरीपर्यंतचा पास त्याला पूर्ण पैशात काढावा लागतो. प्रवासखर्च वेगळा दिलात तर पहिल्या पंधरवड्यातली गळती कमी होते.

कलम_अठरा

टीपीओ मॅडमनी इंटर्नशिपचं सांगितलं, पण तुमच्यापुढे आणखी एक बाब आहे आणि ती ऐच्छिक नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 प्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यात कंत्राटी माणसंही मोजतात. 45 वर ते किमान 1, कमाल 6. अभ्यासक्रमातले इंटर्न या कोट्यात धरले जात नाहीत. त्यासाठी शिकाऊ उमेदवारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेला करार लागतो.

डिप्लोमा किंवा डिग्री झालेल्यांना घ्यायचं तर नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) पोर्टल. त्याचं पश्चिम विभागाचं मंडळ शीवला एटीआय या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात आहे. 2019 च्या नियमांत डिप्लोमाला दरमहा किमान 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये ठरले, आणि नॅट्समध्ये किमान रकमेचा निम्मा वाटा सरकार उचलतं. करार करताना पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा. करारातल्या शिकाऊ उमेदवाराला पीएफ आणि ईएसआय लागत नाही, पण कामावर दुखापत झाली तर भरपाई मालकाकडेच.

कॉलेजच्या इंटर्नला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. कॉलेजच्या अपघात विम्याची प्रत मागा आणि तो कॉलेजबाहेर, कारखान्याच्या आवारात लागू होतो का ते वाचा. होत नसेल तर स्वतः ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट घ्या. आणि त्यांना ओव्हरटाइमला, डिस्पॅचच्या घाईत उत्पादनावर लावू नका. हजेरीपत्रकात ते दिसलं की 'हा विद्यार्थी नव्हे, कामगार' हा वाद तुम्हीच हातात दिलात. लैंगिक छळ प्रतिबंध कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, तेव्हा अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं त्यांना पहिल्याच दिवशी कळवा.

फेरूल_क्रिम्प

कागदपत्रं होतील हो, शॉपवर काय देणार ते ठरवा. दहावीनंतरची मुलं, चौथ्या सेमिस्टरला काही 18 ची झालेलीसुद्धा नसतात. त्यांना बसबार (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) पंचिंग-बेंडिंगच्या मशीनवर उभं करू नका, आणि लाइव्ह टेस्टिंगला कोणालाच नको.

पहिले दोन आठवडे ड्रॉइंग वाचणं, वायर कापणं, टोकाला फेरूलची नळी घालणं, लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून बसवणं म्हणजे क्रिम्प करणं, तेही आधी भंगारातल्या वायरवर. क्रिम्पिंग टूलला लगच्या मापाचा डाय (साचा) निवडला नाही की क्रिम्प सैल बसतो, कनेक्शन तापतं. हे हाताने ओढून, लग निसटताना बघितल्यावरच मुलाला पटतं. तिसऱ्या आठवड्यापासून जुन्या स्टार्टर पॅनेलचं पूर्ण वायरिंग, मग कंटिन्युटी (जोडणी अखंड आहे का), मग सप्लाय बंद ठेवून मेगरने इन्सुलेशनची तपासणी. उरलेल्या वेळात प्रत्येकाला एकच प्रकल्प द्या: बीओएम (ठरलेल्या साहित्याची यादी) आणि प्रत्यक्ष लागलेलं साहित्य यातला फरक मोजणं. रिपोर्टही होतो आणि तुम्हाला वायर कुठे वाया जाते ते कळतं.

एका सुपरवायझरमागे दोनच मुलं, आणि त्याच्या दिवसातला एक तास कागदावर मोकळा करा. हा तास कोणी मोकळा करत नाही, मग मुलं स्टोअरमध्ये माल मोजत बसतात आणि कॉलेजात तसं सांगतात. पुढच्या वर्षी चांगली मुलं येत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पॅनेलवाला_मरोळ

मोठी मदत झाली. मूळ मार्कशीट ठेवून घ्यावी का, मुलं मध्येच जाऊ नयेत म्हणून? आणि ग्राहकांची ड्रॉइंग बाहेर जाण्याचं काय?

टीपीओ_हार्बर

मूळ कागद अजिबात ठेवू नका, कळलं तर आम्ही मुलं परत बोलावू. त्याऐवजी दर शुक्रवारी डायरीवर सही करा आणि सलग दोन दिवस गैरहजर असेल तर मार्गदर्शक शिक्षकांना मेल टाका, तेवढ्याने काम होतं. गोपनीयतेचं एक पानी पत्र मुलाकडून घ्या. पण ड्रॉइंग खरी बाहेर जातात ती रिपोर्टमधून, कारण तो कॉलेजात जमा होतो. ग्राहकाचं नाव काढलेली, नव्याने काढलेली सिंगल लाइन डायग्राम तुम्हीच द्या, आणि रिपोर्ट बाइंडिंगला जाण्याआधी एकदा वाचून सही करा.