रक्तदाब 150/94 : गोळी सुरू करण्यापूर्वी मिळालेल्या तीन महिन्यांत काय करावे?

प्रश्न (गोदाकाठ)

माझे वय 47 वर्षे असून मी नाशिकला बँकेत नोकरी करतो. गेल्या महिन्यात दाढ काढायला गेलो असता दंतवैद्यांनी आधी रक्तदाब मोजला, तो 156/98 भरला आणि त्यांनी दाढ तशीच ठेवून मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यानंतर वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजला तेव्हा वरचा आकडा 146 ते 150 आणि खालचा 92 ते 94 असा येत राहिला. साखर, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि ईसीजी व्यवस्थित आहेत. वजन 82 किलो, उंची 5 फूट 6 इंच. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली असून तेवढ्यात फरक पडला नाही तर गोळी सुरू करू, असे स्पष्ट सांगितले आहे.

माझ्या वडिलांना 58व्या वर्षी पक्षाघात झाला होता, त्यामुळे हे तीन महिने मला वाया घालवायचे नाहीत. ओळखीचे लोक लसणाच्या पाकळीपासून दुधीच्या रसापर्यंत सर्व काही सुचवतात. ज्याने आकडा खरोखर खाली येतो, असे नेमके काय आहे? घरी आई, पत्नी, मुलगी आणि मी असे चौघे आहोत.

उत्तर 1 (तालुक्याचा डॉक्टर)

आपल्या डॉक्टरांनी दिलेली मुदत योग्य आहे, कारण आकडे मध्यम आहेत आणि मूत्रपिंड व हृदयावर परिणाम झाल्याचे तपासण्यांत दिसत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असता तर मी स्वतः इतके थांबलो नसतो.

प्रथम मोजण्याची पद्धत नीट करा, कारण चुकीच्या मोजणीवर सर्व निर्णय चुकतात. दंडावर बांधायचे यंत्र घ्या आणि त्याचा पट्टा आपल्या दंडाच्या घेराला पुरेसा आहे हे पाहा. लहान पट्ट्याने आकडा जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू व व्यायाम नको, लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे, हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा आणि मोजताना बोलू नये. सकाळी दोनदा व रात्री दोनदा असे सात दिवस मोजून वहीत लिहा आणि पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा.

दुसरे, रक्तदाब वाढवणाऱ्या गोष्टी शोधा. गुडघेदुखी किंवा पाठदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, खोकल्यासाठी रोज चघळलेले ज्येष्ठमध, मद्य आणि झोपेत श्वास अडकवणारे घोरणे ही कारणे रुग्ण आपणहून कधीच सांगत नाहीत. आपण घोरता का, हे पत्नीला विचारा.

वजन एक किलो उतरले की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, असा ढोबळ हिशेब आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चाला. आकडा 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलताना अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे असे काही असले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठा.

उत्तर 2 (रंकाळ्यावरची)

माझ्या यजमानांचा रक्तदाब 152/96 होता आणि चार महिन्यांत तो 136/86 वर आला. त्यात रंकाळ्याभोवतीच्या रोजच्या फेरीचा आणि उतरलेल्या पाच किलोंचा वाटा आहे. पण आमच्याकडे खरी चूक स्वयंपाकघरात होती, म्हणून तेवढेच सविस्तर लिहिते.

“आम्ही मीठ कमीच खातो” असे मीही डॉक्टरांना सांगून आले होते. मग एक किलोची नवी पिशवी फोडली तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख लिहिली. आम्ही पाच माणसे. पिशवी विसाव्या दिवशी संपली. म्हणजे माणशी रोज दहा ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते पाच ग्रॅमच्या आत. शिवाय लोणचे, पापड, फरसाण, खारी आणि पाव यांतले मीठ या पिशवीतले नव्हतेच. भाऊ, आपल्या चौघांच्या घरात ती पिशवी निदान पन्नास दिवस पुरायला हवी, आणि बाहेरचे खारट धरले तर त्याहूनही जास्त.

मी सुरुवात कणकेपासून आणि भातापासून केली, कारण ज्या पोळीला आमटी-भाजी लावून खायची तिच्यात मीठ नसल्याचे घरात कोणालाही जाणवले नाही. ताटात डावीकडे मीठ वाढणे बंद केले. सासूबाईंना ते फार लागले, कारण मिठाशिवाय ताट वाढलेले त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. नैवेद्याच्या ताटात तर मीठ वाढतच नाहीत, हे मी हळूच म्हटल्यावर त्या शांत झाल्या. कोशिंबिरीत लिंबू आणि तिळाचे कूट, ताकात फक्त भाजलेल्या जिऱ्याची पूड, आमटीला आमसूल थोडे जास्त. खाऱ्या दाण्यांऐवजी साधे भाजलेले दाणे. लोणच्याची बरणी टेबलावरून उचलून माळ्यावर ठेवली. पापड फक्त रविवारी, कारण त्यात मिठाखेरीज पापडखाराचेही सोडियम असते. पहिले दोन आठवडे सर्व काही अळणी लागले. महिन्याभराने मात्र लग्नातले जेवण यजमानांना स्वतःलाच खारट लागले.

उत्तर 3 (शेतमळा)

आम्ही साध्या मिठाऐवजी सैंधव वापरतो. शिवाय सर्पगंधेची मुळी घेतल्यास रक्तदाब नैसर्गिकरीत्या उतरतो, असे ऐकले आहे.

उत्तर 4 (औषधशास्त्र शिकवणारा)

सैंधव हेही जवळजवळ संपूर्णपणे सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे ते वापरून रक्तदाबात फायदा होत नाही. उलट ते निर्धोक समजून सढळ हाताने घातले जाते.

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मात्र खरे आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या मुळीवरचे आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यानंतर जगाचे तिच्याकडे लक्ष गेले आणि 1952 साली तिच्यातून रेसरपीन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढण्यात आले. परंतु याचा अर्थ ते औषधच आहे, असा होतो. त्याने काही रुग्णांना नैराश्य येते, नाडी मंदावते, नाक चोंदते. आणि मुळीच्या चूर्णात द्रव्य किती आहे हे घरी कळत नाही. गोळी टाळण्यासाठी ती घेणे म्हणजे न मोजलेली गोळी घेणे होय.

आहाराचा परिणाम किती होतो, याचे चांगले मोजमाप 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात झाले. भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूध-दही आणि त्यासोबत कमी मीठ असा आहार घेणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींचा वरचा आकडा, नेहमीचा आहार आणि भरपूर मीठ घेतानाच्या तुलनेत, सरासरी साडेअकराने कमी भरला. भाज्या-फळांतील पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकण्यास मदत करते. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठही मिळते, परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आपल्या आईंना अशी औषधे चालू असल्यास घरात ते आणण्यापूर्वी अवश्य विचारा.

प्रश्नकर्ता (गोदाकाठ)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे ते पोटॅशियमचे मीठ आणण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारीन. पाठीसाठी मी आठवड्यातून तीन-चार वेळा वेदनाशामक गोळी घेत होतो आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती. आज दूरध्वनी करून डॉक्टरांना ते कळवले आणि त्यांनी ती लगेच थांबवून फिजिओथेरपीसाठी पाठवले आहे. मिठाची नवी पिशवी काल फोडली. तारीख मुलीने लिहिली आहे.