मदत हवी आहे: सहा जणांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचे खरे मत कसे जाणून घ्यावे?

नमस्कार.

मी एका संशोधन संस्थेत पेशीजीवशास्त्राची छोटी प्रयोगशाळा चालवते. चार पीएच.डी.चे विद्यार्थी, एक पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर काम करणारा संशोधक) आणि एक प्रोजेक्ट असिस्टंट एवढाच आमचा गट आहे. येत्या सत्रापासून प्रयोगशाळेचे नियम लेखी स्वरूपात आणायचे ठरवले आहे. मसुदा बराचसा तयार आहे, पण एका ठिकाणी गाडी अडली आहे.

लेखकत्वाचा, म्हणजे शोधनिबंधावर कोणाचे नाव यावे याचा, भाग त्यातल्या त्यात सोपा गेला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आम्ही स्वीकारले आहेत, आणि प्रयोग कोणी केले, विश्लेषण कोणी केले, मसुदा कोणी लिहिला याची नोंद ‘क्रेडिट’ पद्धतीतील १४ भूमिकांनुसार ठेवणार आहोत. पहिला लेखक कोण हे त्यातून ठरत नाही, म्हणून क्रमाची चर्चा प्रकल्प सुरू होतानाच आणि आकृत्या तयार झाल्यावर पुन्हा एकदा व्हावी, असे कलम घातले आहे. ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचे यंत्र) लावणे, मीडिया (पेशी वाढवण्याचे पोषक द्रावण) बनवणे, द्रव नायट्रोजन भरून घेणे, रसायनांसाठी पुरवठादारांच्या मागे लागणे ही कामे मी पाहिलेल्या प्रयोगशाळांत नव्याने आलेल्या मुलींच्याच गळ्यात पडत असत. या कामांचे पाळीपत्रक केले असून पोस्टडॉकचे नावही त्यात आहे.

अडचण अशी की हे नियम विद्यार्थ्यांना मनापासून पटले आहेत की मी मांडले म्हणून त्यांनी माना डोलावल्या, हे मला कळत नाही. दरमहा ३७,००० रुपयांची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) दोन वर्षांनी ४२,००० रुपयांच्या एसआरएफमध्ये (वरिष्ठ शिष्यवृत्तीत) बदलताना माझे मत लागते, प्रबंधावर माझी सही लागते आणि पुढे कितीतरी वर्षे माझे शिफारसपत्र लागते. अशा व्यक्तीने “काही खटकते का?” असे विचारल्यावर “नाही मॅडम, सगळे ठीक आहे” याखेरीज दुसरे कोणते उत्तर येणार? नाव न विचारणारा गूगल फॉर्मही देऊन पाहिला. पण शनिवारी पेशींचा मीडिया बदलायला कोण येते हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे शनिवारच्या कामाविषयीची तक्रार कोणाची, हे लपून राहत नाही.

याची मला एवढी काळजी वाटते त्याला कारण आहे. मी पीएच.डी. करत असताना आमच्याकडील पेशींना मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग झाला होता. त्याने मीडिया गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतही नाही. एका कनिष्ठ विद्यार्थ्याला पीसीआर या डीएनए चाचणीत तो आढळला, परंतु सर चिडतील या भीतीने त्याने कोणालाच सांगितले नाही, आणि बाकीचे त्याच पेशींवर प्रयोग करत राहिले. कित्येक महिन्यांचे काम बाद झाले.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आहे. मात्र सततचा पाणउतारा, नाकारलेली सुट्टी, पेपरमधून वगळलेले नाव यांसाठी आमच्याकडे तितकी स्पष्ट वाट नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभा राहतो, पण त्या समितीचा निमंत्रक मार्गदर्शकच असतो. बैठकीतील शेवटची पंधरा मिनिटे मी बाहेर थांबावे आणि उरलेल्या सदस्यांनी विद्यार्थ्याशी बोलावे, असा माझा विचार आहे. कोणाच्या संस्थेत अशी पद्धत आहे का? त्या बोलण्यातले माझ्यापर्यंत काय आणि किती यावे? दुसऱ्या विभागातील ज्येष्ठ प्राध्यापकांना ही जबाबदारी दिली, तर विद्यार्थी त्यांच्याकडे खरोखर जातात का? पोस्टडॉकला मध्यस्थ करावे असेही काहींनी सुचवले, परंतु तोही माझ्यावरच अवलंबून आहे आणि लेखकांच्या क्रमात त्याचेही हितसंबंध आहेत, म्हणून मला ते योग्य वाटत नाही.

ज्यांनी पीएच.डी. पूर्ण केली किंवा मध्येच सोडली, त्यांच्या उत्तरांची मी विशेष वाट पाहीन. तुम्हाला गाईडला जे सांगता आले नाही, ते कोणत्या व्यवस्थेत सांगता आले असते? मसुदा वाचून त्रुटी दाखवण्याची कोणाची तयारी असल्यास तो व्यक्तिगत निरोपातून पाठवते.